अंतरपाटावरचं नाव

अंतरपाटावरचं नवरीचं नाव उसवायला मी बसले तेव्हा लग्नाला चार दिवस उरले होते. सकाळचे दहा वाजले होते, घरातली कामावर जाणारी माणसं गेली होती आणि गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला होता. सुरतेच्या लिंबायतमध्ये तो आवाज बंद पडला तर माणसं दचकून बाहेर येतात, आम्हाला त्याची इतकी सवय. त्या दिवशी मात्र तो माझ्या डोक्यात जात होता. एक टाका जोरात ओढला गेला असता तर रेशीम टरकलं असतं, आणि चार दिवसांत दुसरा अंतरपाट करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

ही आफत मी स्वतःच्या हातानं ओढवून घेतली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्याच्या अकरा वर्षं आधी मी लग्न होऊन धुळ्याहून सुरतेला आले होते आणि शेजारच्या एका कारखान्यात जरीकाम शिकले होते. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं आणि आरीनं, म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेल्या सुईनं, जरीचा धागा भरत जायचा. साड्यांचे पदर भरून भरून मला वीट आला तेव्हा मी घरच्या घरी देवाधर्माच्या वस्तू करायला लागले. देवघरातली आसनं, दाराची तोरणं, आरतीच्या ताटावरचे रुमाल, अंतरपाट. ज्याची वस्तू त्याचं नाव त्यावर जरीत भरलेलं, हे माझं वैशिष्ट्य. माझी नणंद रिंग रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिनं माझ्या कामाचे फोटो स्कॅन केले आणि इंटरनेटवर एक पान तयार केलं. त्याला ती दुकान म्हणायची. माझ्या नवऱ्यानं विचारलं, या दुकानाचं शटर कुठल्या बाजूला आहे? सासूबाईंनी तर त्याचं नाव हवेतलं दुकान असंच पाडलं.

पहिले तीन महिने त्या दुकानात कुणी फिरकलं नाही. मग अमेरिकेतल्या मराठी बायका लिहायला लागल्या. नणंद आठवड्यातून दोनदा क्लास सुटल्यावर ईमेल उघडायची, आलेली मागणी कागदावर छापून पर्समध्ये घालून आणायची आणि मला वाचून दाखवायची. अंतरपाटासाठी तिनं पानावर एक फॉर्म केला होता. वराचं नाव, वधूचं नाव, लग्नाची तारीख, वस्तू कुठे पोचवायची. एवढ्या चार ओळी. त्याचा आम्हा दोघींना फार अभिमान होता.

या अंतरपाटाची मागणी नवऱ्यामुलाच्या आईची होती. ती अमेरिकेत राहणारी, नवरी सुरतेचीच, लग्नही सुरतेत. तिच्या ओळखीच्या पाच-सहा बायका हा अंतरपाट कसा होतो ते बघून आपापल्या मुलांसाठी सांगणार होत्या, असं तिनं लिहिलं होतं. मुलाचं नाव तीन अक्षरी होतं आणि मुलीचं दोन अक्षरी. दोन अक्षरी नाव बघून मला बरं वाटलं, काम कमी. पोचवायचा पत्ता मागाहून कळवते म्हणाली होती. मी कामाला लागले. पिवळसर पांढरं रेशीम, मधोमध लाल स्वस्तिक, भोवती आंब्याच्या पानांची जरीची वेल आणि खाली दोन नावं. बारा दिवस मान मोडून ते केलं. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

पत्ता आला त्या संध्याकाळी नणंद दारातच थांबली. अडाजणचा पत्ता होता, मुलीच्या वडिलांच्या घरचा, आणि त्यात मुलीचं नाव लिहिलेलं होतं. ते तीन अक्षरी होतं. माझ्या अंतरपाटावरच्या नावाशी त्याचा काही संबंध नव्हता. मी म्हटलं, असेल धाकटी बहीण, तू उगाच फाटे फोडू नकोस. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी लेकीला दोन्ही नावं मोठ्यानं वाचायला लावली आणि हातातला लसूण खाली ठेवला.

"अंतरपाट धरतस तवय पोर बापनीच ऱ्हास," त्या मला म्हणाल्या. "हाई सासरनं नाव आठे कसं काय उनं?"

सासरचं नाव इथं आलंच कसं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला उमगलं. त्या बाईनं सुनेसाठी निवडलेलं नवं नाव फॉर्मवर भरलं होतं. आमच्याकडे ते नाव लग्न लागून मुलगी घरात आल्यावर नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितो, मग पेढे वाटून सगळ्यांना सांगतात. तोवर ते सासरच्यांच्या मनात असतं. अंतरपाट त्याच्या कितीतरी आधी धरतात. तेव्हा मुलगी अजून माहेरच्या नावानं उभी असते, अक्षता हातात घेऊन उभे राहिलेले लोक तिला त्याच नावानं ओळखतात. आणि मी तिच्यापुढे असं एक नाव टांगून ठेवणार होते जे कदाचित तिनं कधी ऐकलंही नव्हतं.

त्या बाईनं हौसेनं भरलं असेल, तिला काय बोलायचं? विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही, कारण माझ्या मनात आलंच नाही. माझंही नाव असंच तांदळात बदललं. अकरा वर्षं मी त्या नावानं उठत होते, त्या नावानं रेशन कार्डावर होते, त्या नावानं भांडत होते. नवरीचं नाव म्हटलं की सासरचं, हे माझ्या हाडात इतकं मुरलं होतं की दुसरं काही असतं हे मी विसरले होते.

त्याच दिवशी नणंद परत क्लासमध्ये गेली आणि तिनं त्या बाईला ईमेल केला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीडीच्या दुकानातून अमेरिकेला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला की ती मंडळी लग्नासाठी निघालेली असणार, कदाचित इकडे कुणा नातेवाइकांकडे उतरलेलीही असतील, आणि तिथला नंबर आमच्याकडे नाही. नवरा म्हणाला, सांगितलं ते केलंस, नेऊन दे आणि मोकळी हो. नणंद म्हणाली, आणि मांडवात तमाशा झाला तर? मला दोघांचं पटत होतं आणि दोघांचा राग येत होता. शेवटी मी ठरवलं की पुडकं बांधून मुलीच्या आईच्या हातात द्यायचं आणि कानात सगळं सांगायचं. बायका बायका काहीतरी मार्ग काढतील.

आम्ही दोघी रिक्षानं तापीचा पूल ओलांडून अडाजणला गेलो. दार मुलीनंच उघडलं. आईवडील पत्रिका वाटायला बाहेर गेले होते. मुलगी बँकेत नोकरीला होती, हळदीच्या आधीची रजा नुकतीच सुरू झालेली. मी म्हटलं, आई आल्या की येते. पण तिनं पुडक्यावरचं दुकानाचं नाव वाचलं होतं. होणाऱ्या सासूबाईंनी सांगितलं होतं काहीतरी खास येणार आहे म्हणून, असं म्हणत तिनं ते माझ्या हातातून जवळजवळ काढूनच घेतलं. मी नको नको म्हणेपर्यंत रेशीम तिच्या पलंगावर पसरलेलं होतं.

तिनं वेलीवरून हात फिरवला, स्वस्तिकावरून फिरवला, मग खालच्या नावांपाशी आली. नवऱ्याचं नाव वाचून हसली. शेजारचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही कोण?"

मी रेशमाची कड सारखी करायला लागले. नणंदेनं तर चक्क भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. मुलीला कळायला फार वेळ लागला नाही. ती पलंगाच्या कडेला बसली आणि सांगायला लागली. नाव बदलायचं नाही हे तिचं नि मुलाचं सहा महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. त्यानं शब्द दिला होता. आईला मी सांगतो म्हणाला होता. सांगितलं नव्हतं, हे समोर जरीत लिहिलेलं होतं. ती उठून फोनपाशी गेली, रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. मुलगा पुण्यात काकाकडे होता, आई शेजारीच असणार. आता भांडण काढलं तर वडिलांच्या कानावर जाईल. तिचे वडील आधीच धास्तावलेले होते, कारण याआधी एक स्थळ मुलगी फार बोलते म्हणून परत गेलं होतं. हेही मोडलं तर ते अंथरूण धरतील, असं ती म्हणाली. आणि गप्प बसलं तर मंगलाष्टकं संपेपर्यंत तिला दुसऱ्याच कुणाच्या नावासमोर उभं राहायचं होतं.

मग तिनं डोळे पुसले. "ताई, इथं माझं नाव घाला. बाकी मी बघते."

मी म्हटलं, हे काम मला ज्यांनी सांगितलंय त्या तुमच्या सासूबाई आहेत. त्यांना न विचारता मी कसं बदलू?

"लग्न माझं आहे, ताई," ती म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी रेशमाची घडी घातली, पुडकं परत बांधलं आणि करून देते म्हणाले.

रिक्षात मी नणंदेवर तोंडसुख घेतलं. तुझा तो फॉर्म, तुझ्या त्या चार ओळी, पाचवी ओळ घालायला काय झालं होतं? ती बिचारी ऐकून घेत होती. खरा राग मला त्या मुलाचा आला होता, आईसमोर तोंड उघडत नाही आणि बायकोला शब्द देतो. आणि त्या मुलीचा मला हेवा वाटत होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी एकविसाव्या वर्षी ताटात लिहिलेलं नाव वाचलं आणि मान डोलावली होती. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पूल संपता संपता नणंदेनं हळूच विचारलं, वहिनी, तुमचं आधीचं नाव काय होतं? अकरा वर्षं एका घरात राहून तिला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं. सांगताना मला का कोण जाणे लाज वाटली.

तर असं मी ते नाव उसवायला बसले. जरीचं काम उसवणं सोपं नसतं. धागा ओढून चालत नाही, मागच्या बाजूनं एकेक टाका कापायचा आणि पुढून चिमट्यानं तुकडा उचलायचा. दुपारपर्यंत ती दोन अक्षरं निघाली. मग मी कापड उजेडात धरलं. आरीनं पाडलेली भोकं तशीच्या तशी होती. सुती कापड असतं तर पाणी मारून, चोळून ती मिटली असती. रेशमाचं तसं नाही. मी नखानं घासलं, वाफ दिली, ओला रुमाल ठेवून इस्त्री फिरवली. थोडी बुजली, बरीच राहिली. जरीतलं नाव गेलं होतं आणि भोकांचं नाव त्याच जागी बसलं होतं.

नवी तीन अक्षरं मी मुद्दाम भरीव काढली, जेवढी भोकं झाकतील तेवढी झाकावीत म्हणून. त्यात दोन दिवस गेले. तरी अक्षरांच्या मधल्या फटीत जुन्या नावाचे ठिपके उरले. कापड पलंगावर ठेवलं की काही दिसत नव्हतं. उजेडासमोर धरलं की दिसायचं, पण ज्याला ते नाव आधीपासून ठाऊक आहे त्यालाच वाचता यावं इतपत. तशी माणसं मांडवात मोजकीच असणार, अशी मी मनाची समजूत घातली. नणंद अंतरपाट पोचवून आली. येताना पत्रिका घेऊन आली, मुलीनं दिलेली. या म्हणजे याच, असा निरोप होता.

मला जायचं नव्हतं. रात्रभर मी ठरवलं होतं की जायचं नाही. सकाळी वाटलं, काही झालंच तर दोष त्या पोरीवर जाईल. निदान हे माझ्या हातानं झालं असं सांगायला कुणीतरी तिथं हवं. मी चांगली साडी नेसून गेले आणि मुलाकडच्या बायकांच्या मागे जाऊन उभी राहिले.

मुलाची आई ओळखायला कुणाची मदत लागली नाही. ठेंगणी, चटपटीत बाई, सगळीकडे तिचीच धावपळ. गुरुजींनी अंतरपाट उलगडला, जरीकामाची बाजू मुलाकडे होती. बायकांमध्ये अगबाई, केवढं सुंदर, अशी कुजबुज झाली. ती बाई हसत पुढे झाली आणि खालची नावं वाचून थांबली. तिनं मुलाकडे पाहिलं. मुलानं मान खाली घातली. ती काही बोलणार तेवढ्यात गुरुजींनी पहिला सूर लावला आणि सगळे अक्षता घेऊन सरसावले.

दुसरं मंगलाष्टक चालू असताना व्हिडिओवाला नवरीचा चेहरा घ्यायला पलीकडे गेला. त्याच्या जोडीदारानं तो मोठा दिवा उंच धरला. इतका झगझगीत उजेड की माणसं डोळे मिचकावत होती. तो अंतरपाटाच्या मागून आला आणि रेशीम पारदर्शक झालं. भरीव अक्षरं काळी पडली आणि त्यांच्या मधून ठिपके चमकायला लागले. मला ती दोन अक्षरं वाचता आली. आजूबाजूच्या बायका नवऱ्याचा फेटा बघत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. ती बाई मात्र त्या ठिपक्यांकडे बघत होती. तिचे ओठ हलले. सावधान म्हटल्यावर सगळ्यांच्या अक्षता उडाल्या, तिची मूठ तशीच मिटलेली राहिली. अंतरपाट बाजूला झाला, हार घातले गेले, वाजंत्री सुरू झाली, तेव्हा तिनं हातातल्या अक्षता दोघांच्या डोक्यावर टाकल्या.

जेवणाच्या पंगतीतून मी अर्ध्यावरच उठले. मी हात धुवायला गेले तेव्हा ती माझी वाट बघत तिथं उभी होती. अंतरपाटाची कारागीर कोण हे तिनं कुणाला तरी विचारलं असणार. मी तिला बोलूच दिलं नाही. मी म्हटलं, काकू, उसवलं ते मी, मुलीला बोल लावू नका, तुम्हाला कळवायचा खूप प्रयत्न केला, घरी फोन कुणी उचलला नाही.

ती म्हणाली, तिला कशाला बोलू? मुलाशी बोलून आले आत्ताच. तांदळात तिचंच नाव लिही म्हटलं त्याला.

मला हायसं वाटलं, पण ती जागची हलली नाही. ओले हात तसेच धरून मी उभी राहिले. तिनं दोन्ही बाजूंना पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली.

"ते माझं माहेरचं नाव," ती म्हणाली. "आई गेल्यावर त्या नावानं हाक मारायला कुणी उरलं नाही. वाटलं, सुनेला दिलं तर घरात पुन्हा ऐकू येईल."

मी ते नाव चिमट्यानं उचलून कागदाच्या पुडीत भरलं होतं आणि पुडी केराच्या डब्यात टाकली होती. मी माफी मागायला लागले तर तिनं हातानंच नको म्हटलं. चूक माझीच होती, ती म्हणाली, मी कुणाला विचारलंच नाही. मग तिनं विचारलं, जपाची माळ झाकायला गोमुखी वापरतात, तशी पिशवी करता का तुम्ही? मी म्हटलं, करते. त्यावर नाव घालता? घालते, मी म्हटलं.

"मग मला एक करून द्या. नाव बाहेरून नको, आतून घाला. हाताला लागेल असं."

आतून जरीचे टाके टोचतील, असं मी तिला सांगायला हवं होतं, कारण गोमुखीत हात घालून तासभर माळ ओढायची असते. मी सांगितलं नाही. ती आठ दिवसांनी परत जाणार होती, म्हणून मी त्याच संध्याकाळी चौकटीवर कापड ताणलं. नाव कसं लिहायचं ते तिनं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. ती दोन अक्षरं मला पाठ होती.